अकरा चरख्यांना जवसाचं तेल

मी एकदा अकरा चरख्यांना जवसाचं तेल पाजलं. चुकून दोन थेंब सांडले असं नव्हे. ओळीनं अकरा, आणि शेवटच्याला कमी पडलं असं वाटू नये म्हणून त्याला जरा जास्तच. लहान होते म्हणावं तर तशीही सोय नाही. चांगली छत्तीस वर्षांची होते, दोन पोरं शाळेत जात होती आणि आपल्याला फार अक्कल आहे अशी माझी खात्री होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वर्ध्याला आमच्या घरामागं एका बंद पडलेल्या शाळेची टिनाची खोली होती. दर गुरुवारी दुपारी तिथं दहा-बारा बाया सूत कातायला जमायच्या. कुणाच्या घरचा कापूस असायचा, कुणी मागून आणायची. सरकी काढायची, पिंजायचं, पिंजलेल्या कापसाचे बोटाएवढे पेळू वळायचे आणि मग पेटीचे चरखे उघडून गावभरच्या गप्पा मारत कातत बसायचं. मी गेले होते खरं तर गप्पांसाठीच. पण चरख्याचा तो गुणगुण आवाज ऐकला, पेळूतून निघणारा धागा पाहिला आणि माझं मन जे बसलं ते बसलंच. मलाही चरखा हवा.

कोपऱ्यात एक जास्तीचा पडूनही होता, पण तो काही मिळेना. कारण तिथं कायदा आजीचा.

आजी म्हणजे त्या बायांमधली सगळ्यात थोरली, ऐंशीच्या पुढची. तोंडाचं बोळकं, डोळ्यांना जाड भिंगं, आणि सूत असं एकसारखं की मशीननं लाजावं. तिचा कायदा असा, की नव्या बाईनं आधी तकलीवर एक अख्खी गुंडी कातायची. तकली म्हणजे एक लोखंडी काडी आणि तिच्या बुडाशी पितळेची चकती. बोटांनी गिरकी द्यायची आणि वर हात ओढत धागा काढायचा. गुंडी म्हणजे हजार मीटर सूत. ती झाली की चरखा. तोवर चरख्याला बोट लावायचं नाही.

मी चार महिने तकली फिरवली. म्हणजे फिरवली कमी, पाडली जास्त. माझं सूत एका जागी शेवई, तर दुसऱ्या जागी सुतळी. घरी नेऊन यांना दाखवलं तर हे चष्मा वर करून म्हणाले, "याचं कापड विणणार का खाट?"

दोन दिवस मी यांना फोडणीचं वरण दिलं नाही.

त्या बायांची एक रीत होती. उन्हाळ्यात एका रविवारी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत सगळ्यांनी मिळून कातायचं. त्या वर्षी पाहायला नागपूरहून पाहुणेही येणार होते. मला त्या दिवशी चरख्यावर बसायचंच होतं, आणि गुंडी तर अजून अर्ध्यावरच. मग मी ठरवलं, आजीला सेवेनं जिंकायचं.

आमचं घर जवळ, म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. गुरुवारी सगळ्या गेल्यावर आजी म्हणाली, "पोरी, तेवढं झाडून घेजो." झाडू म्हणाली होती. तेलाचं नाव काढलं नव्हतं. पण झाडता झाडता मला चरख्यांना घालायच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी दिसली, पार रिकामी. माझ्या डोक्यात दिवा लागला. रविवारी सगळे चरखे कसे लोण्यासारखे फिरतील, आजी विचारेल कोनं केलं हे, आणि मी मान खाली घालून लाजेन. लाजायचं कसं तेही मी तिथल्या तिथं करून पाहिलं.

घरी धावले. माहेराहून, वडनेरहून, आईनं नुकतीच घाणीच्या जवसाच्या तेलाची बाटली पाठवली होती. पिवळंधमक, वास असा की नुसत्या भाकरीशी खावं. बाटली घेऊन आले आणि बसले पाजत. चक्रांच्या आसांना पाजलं, चातीच्या टोकांना पाजलं. चाती म्हणजे ज्यावर धागा गुंडाळतो ती काडी. वर चक्रावरून जी दोऱ्याची माळ फिरते तिलाही पाजलं, तिचं मन दुखायला नको. एक चरखा फिरवून पाहिला. वा! कसा गरगर! कुलूप लावून घरी गेले आणि त्या रात्री मी फार समाधानानं झोपले.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. माझे बाबा दरवर्षी घराच्या दारांना जवसाचं तेल पाजायचे आणि ओरडायचे, "तीन दिवस कोनी हात लावू नका, सुकू द्या." सुकलं की लाकडावर अशी कडक साय धरायची की नखानं निघत नसे. हे मी वीस वर्षं पाहिलं होतं. शिवाय त्यात हात लावून दोनदा मारही खाल्ला होता. तरी गुरुवार ते रविवार किती दिवस होतात आणि उन्हाळ्यात टिनाची खोली किती तापते, यातलं काहीएक मला सुचलं नाही.

रविवारी उजाडताना सगळ्या जमल्या. पेट्या उघडल्या. मी कोपऱ्यात लाजायच्या तयारीत. आजीनं चक्राची मूठ धरली आणि फिरवली. चक्र फिरेना. जोर लावला तर अख्खी पेटीच उचलली गेली. शेजारी एक निवृत्त मास्तरीणबाई बसायच्या, त्यांची चाती गच्च. पलीकडची तीच गत. माळा तर चक्रांना अशा चिकटल्या होत्या की जणू डिंकानं लावल्या.

"माय वो," मास्तरीणबाई म्हणाल्या, "यायले झालं तं काय झालं?"

आजीनं चातीवर बोट घासलं. नाकाशी नेलं. मग जिभेला लावलं.

"जवस," आजी म्हणाली.

सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. जवसाचं तेल कुणाच्या घरी नव्हतं? मी पण निरागस तोंड करून दोघी-तिघींकडे संशयानं पाहून घेतलं. सुटले असते मी. पण आजीनं पुन्हा बोट चाटलं, तोंड वाकडं केलं आणि अगदी सहज म्हणाली, "तेल बी काई खास नाई. बजारातलं दिसते, भेसळीचं."

"भेसळीचं?" मी ताडकन उठले. "वडनेरच्या घाणीचं आहे ते! आईनं समोर बसून काढून घेतलंय!"

खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"असं का," आजी म्हणाली. "मंग तं चांगलंच असन." आणि तिचं बोळकं हसू लागलं. मग सगळ्याच हसल्या. मी मात्र रडत होते, कारण मला वाटलं, आता चरखा तर गेलाच, उद्यापासून या खोलीत पाऊलही ठेवू देणार नाहीत.

तेवढ्यात बाहेर पाहुण्यांची जीप. आजीनं कपाटातून शाळा चालू होती तेव्हा पोरींसाठी ठेवलेल्या तकल्यांचा डबा काढला आणि सगळ्यांपुढे एकेक टाकली. पाहुणे आत आले तेव्हा ती त्यांना गंभीरपणे म्हणाली, "आमच्या इथं या दिवशी तकलीवरच कातते."

बाकीच्यांनी वीस-वीस वर्षांत तकली हातात धरली नव्हती. खणखण पडत होत्या. एक घरंगळत पाहुण्यांच्या बुटापर्यंत गेली. मास्तरीणबाईंची तर थेट चहाच्या कपात. पाहुणे मान डोलावून पाहत होते, ही पण रीतच असेल म्हणून. त्या खोलीत आजी सोडली तर एकाच बाईची तकली नीट फिरत होती. ती बाई म्हणजे मी. चार महिने दुसरं केलंच काय होतं? "अवो, बोटं अशी धरा," असं मी मास्तरीणबाईंना शिकवलं, आणि त्यांनी मुकाट्यानं शिकून घेतलं. सायंकाळी दिवस मावळता मावळता माझी गुंडी पुरी झाली. शेवटचं सूत बरंचसं शेवईकडे झुकणारं होतं. आजीनं गुंडी उचलून पिशवीत टाकली आणि घरी गेली.

पुढचे आठ दिवस मी रॉकेल आणि चिंध्या घेऊन एकेक चरखा खोलत बसले. चाती काढ, आस काढ, घास, पुस, पुन्हा बसव. अकरा माळा नव्या वळल्या. पहिल्या चरख्याचे सुटे भाग जोडायला मला दुपार लागली, अकराव्याला चहा निवायच्या आत झालं. घरी सगळ्या अंगाला रॉकेलचा वास. हे म्हणाले, "काडी ओढू नका कोणी जवळ." हल्ली नात हे ऐकते तेव्हा इथं पोट धरून हसते, हसू दे, तिनं परवा माझ्या लोणच्यात मीठ समजून साखर घातली.

त्यानंतरच्या गुरुवारी आजी आली. अकराव्या चरख्याजवळ बसली, मूठ फिरवली, कान लावून तो गुणगुण आवाज ऐकला. तिनं पेटी मिटली, माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली:

"हा घे, तुहा. मशीनीचं तेल माह्यापाशी हाय. तू जवसाचंच आनत जाजो, पन संग भाकर अन् चटनी आनाले भुलू नको."