अव्वाच्या हातचं मीठ

आमच्या घरातल्यांचं नाव शिवलिंगप्पा. बोलताना नाव घ्यायचं तर उखाणा लागतो. लिहिताना ऐकणारं कुणी नाही, म्हणून एकदा लिहून टाकते. पुढं मात्र ‘हे’च म्हणेन.

हे सोलापुरात एका गिरणीच्या रंगखात्यात रंगमास्तर आहेत. जर्मनीत जाऊन रंगाचं शिक्षण घेतलेलं, त्यामुळे लोक मान देतात. पण जवळ येऊन बसत नाहीत. नखं कायम निळी, बोलणं मोजकं. माझं लग्न झालं तेव्हा वाटायचं, ह्या माणसाच्या घरी आपण पाहुणी आलोय आणि घरधनी अजून गावाहून आलेला नाही.

मी बार्शीकडची. आम्ही लिंगायतच, पण माहेरी बोली मराठी. सासरी मात्र चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळी कानडी. थोरले भावजी मल्लप्पा, जाऊबाई, त्यांची मुलं, सगळी आपसात कानडीत बोलायची. फक्त हे बोलत नसत. भावानं कानडीत विचारलं तरी हे मराठीत उत्तर द्यायचे. जाऊबाई एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, “ल्हानपणी ह्यो रडायचासुदीक कानडीत. आता बग. आईच्या मातीला आला न्हाय ते न्हाय, येवढ्या लांबनं कसा येणार, ते आमी समजून घेतलं. पर आल्यावर डोळ्याला टिपूस न्हाय! काळीज तिकडंच ठिवून आलाय की तुजा दादला.”

मी तव्यावरची भाकरी उलटली.

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात ह्यांच्या नावानं एक पाकीट आलं. तिकीट परदेशी, आत अक्षर कानडी. वाचता वाचता हे हसले. लग्न झाल्यापासून मी ह्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

“कुणाचं?” मी विचारलं.

“एलिसव्वाचं.”

“कुठल्या त्या? अक्कलकोटच्या?”

“नाही. गोऱ्या आहेत.”

आणि मग त्या दिवशी ह्यांनी मला सगळं सांगितलं. आधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

हे १९२८ साली जर्मनीला गेले. ज्या गावात रंगाची शाळा होती त्याचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही. जाताना सासूबाईंनी, म्हणजे नीलव्वांनी, शेंगाच्या चटणीचा मोठा डबा बरोबर दिला होता. शेंगदाणे भाजून, लसूण-तिखट घालून, तेल सुटेपर्यंत उखळात कुटलेली. एका बाईच्या घरी वर ह्यांची खोली होती. पहाटे उठून गार पाण्यानं हातपाय धुवायचे, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, मग शाळा. जेवायला पाव, बटाटे आणि बोटाच्या टोकावर येईल एवढी चटणी. ती पुरवून पुरवून खाल्ली.

दुसऱ्या वर्षी भावजींचं पत्र गेलं. अव्वा, म्हणजे ह्यांची आई, लिंगैक्य झाली. पत्र पोचेतो महिना उलटून गेला होता.

ह्यांनी पत्र घडी करून ठेवलं आणि शाळेत गेले. दुसरं काय करणार? दुःख सांगायला माणूस लागतं. “माझी आई गेली,” हे एकच वाक्य सांगायचं होतं, तेही आईच्याच बोलीत. त्या गावात ते कुणाला कळलं असतं? जर्मन भाषेत तेवढे शब्द येत होते. एकदा घरमालकिणीपुढं उभे राहून मनात जुळवलेसुद्धा. पण ते परीक्षेतल्या उत्तरासारखे वाटले. “काही हवंय का?” असं तिनं विचारलं, तर हे म्हणाले, “गरम पाणी.”

त्या बाईच्या स्वयंपाकघरात मिशनची एक दिनदर्शिका टांगलेली होती. त्यावर एक चित्र होतं. लाकडी चाकाची बैलगाडी, लिंबाचं झाड, डोक्यावर घागर घेतलेली बाई. लुगडं आपल्याकडं नेसतात तसंच. हे रोज चहा घेताना त्या चित्रापुढं उभे राहायचे. बाईच्या ते ध्यानात आलं. ती म्हणाली, “सरहद्दीपलीकडं बाझेल गावात एक म्हातारी आहे, ती तिकडं राहून आलीय. धारवाडला.”

धारवाड! हे दोन दिवस झोपले नाहीत. म्हणजे तिला कानडी येत असणार. पुढच्या शनिवारी दुपारी शाळा सुटल्याबरोबर आगगाडीत बसले. रविवारी रात्री परत यायचं. डब्याच्या तळाशी मूठभर चटणी राहिली होती, ती बरोबर घेतली. कुणाकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, ही सासूबाईंचीच शिकवण.

सरहद्दीवर शिपायानं पासपोर्ट पाहिला, डबा उघडायला लावला. नाक खुपसून वास घेतला आणि असा शिंकला की टोपी खाली पडली.

“हे काय आहे?”

“खायचं आहे. माझी आई करते.”

बोलून गेल्यावर ह्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. पण शिपाई टोपी झटकत पुढं निघून गेला होता.

बाझेलला पोचेतो अंधारून आलं होतं. चढावरचं एक उंच, अरुंद घर. दाराशी पोचले तर आतून आवाज आला, कुणीतरी कुणाला कानडीत झापत होतं. “दिवसभर लोळतेस, उंदीर काय मी धरू?” दार उघडलं तर पांढऱ्या केसांची, वाकलेली गोरी बाई आणि तिच्या पायात एक मांजर. ह्यांच्या कपाळावरची विभूती तिनं पाहिली आणि दाराची चौकट घट्ट धरली.

“बा तम्मा, ओळग बा,” म्हणाली. ये बाळा, आत ये. आणि लगेच पुढं, “ऊटा आतेन?” जेवलास का?

हे सांगत होते, “मला वाटलं आपण आता इथंच खाली बसणार.”

तिचं खरं नाव एलिस. धारवाडकडच्या खेड्यातल्या बायकांनी तिचं एलिसव्वा केलं होतं. सारी उमर तिकडं मिशनच्या कामात काढलेली. नवरा तिकडंच मातीत. मुलं इकडं शिकायला आली ती इकडचीच झाली, त्यांना कानडी येत नव्हती. म्हणून ती मांजराशी बोलायची. “माझ्या हातनं एक माणूस बाटला नाही,” हसत म्हणाली, “पण म्हशी चांगल्या पाळल्या.”

हे संधी बघत होते. चूल पेटू दे, मग सांगू. बसू दे तिला, मग सांगू. तिनं उकडलेले बटाटे पुढं ठेवले. ह्यांनी डबा काढला. चटणीला जुनाट वास यायला लागला होता, त्याची लाज वाटली. तिनं मात्र चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. मग पदर नसलेल्या खांद्यावरून पदर ओढल्यासारखा हात फिरवला आणि म्हणाली, “लसूण बरोबर आहे. तिखट बरोबर आहे. मीठ जास्त पडलंय. तुझ्या अव्वाचा हात जड आहे मिठाला. सांग तिला.”

ह्यांनी बटाटा सोलायला घेतला.

“सांगशील ना?”

“सांगतो.”

“अव्वा हेंग अदाळ? बरी आहे ना?”

ह्याच एका प्रश्नासाठी हे परमुलखात आले होते. तिथं तो प्रश्न त्याच बोलीत विचारला गेला. आणि हे म्हणाले, “आराम अदाळ्री.” बरी आहे.

मी विचारलं, “असं का म्हणालात?”

ह्यांनी बोटांची निळी नखं अंगठ्यानं खरवडली. मग म्हणाले, “ती अव्वाला नावं ठेवत होती गं. गेलेल्या माणसाला कुणी नावं ठेवतं का? त्या टेबलाशी अव्वा जिवंत होती. मी कशी मारू तिला?”

रात्री त्या दोघांनी कानडीत खूप गप्पा मारल्या. म्हशींच्या, ज्वारीच्या, धारवाडच्या पावसाच्या. रविवारी सकाळी हे आत पूजेला बसले आणि ती देवळात गेली, तिच्या. जाताना म्हणाली, “तू तुझ्याला सांग, मी माझ्याला सांगते. दोघं मिळून तुझ्या अव्वाला सांभाळतील.” हे लिंग तळहातावर घेऊन बसले, पण त्या दिवशी मंत्र आठवेना.

परतीच्या गाडीत डब्यात दुसरं कुणी नव्हतं. रिकामा डबा मांडीवर होता. सांगायला गेले होते ते तसंच घेऊन परत आले, आणि आता तर ते कुणाला सांगायची सोयही उरली नव्हती.

पुढं पत्रं सुरू झाली. एलिसव्वा दर पत्रात विचारायची, “अव्वानं मीठ कमी केलं का?” हे लिहायचे, “अव्वा म्हणते, तुमची जीभच अळणी झालीय बटाटे खाऊन.” ती लिहायची, “तिला सांग, मी येऊन उखळ हिसकावून घेईन.” हे लिहायचे, “अव्वा म्हणते, या, मुसळ तुमच्या हातात देते.” सोलापूरला परत आल्यावरही हे चालूच. घरात अव्वाचं नाव निघालं की हे उठून जायचे, कानडीत तोंड उघडायचे नाहीत, कारण ह्या घरात कानडी बोलली की ती बोलीच सांगायची, ‘अव्वा आता नाही.’ आणि तिकडं बाझेलला एका म्हातारीच्या घरी अव्वा रोज भांडत होती.

हे कळल्यावर मी जाऊबाईंना काही सांगितलं नाही. ह्यांनी नको म्हटलं होतं. पण त्या दिवाळीला ह्यांनी मला विचारलं, “चटणी करशील? तिला पाठवायची. अव्वाची म्हणून.”

मी सासूबाईंना पाहिलेलं नाही. पण त्यांचे ते टोमणे ऐकून ऐकून मला त्या ओळखीच्या वाटायला लागल्या होत्या. उखळाशी बसले, सिद्धरामेश्वराचं नाव घेतलं आणि मनात म्हटलं, सासूबाई, हात तुमचा. मीठ घालताना हे शेजारी उभे. “अजून.” घातलं. “अजून थोडं.” मग डब्याचं झाकण कथलाचा डाख लावून बंद केलं आणि पार्सल गेलं. उत्तर आलं, “तीच चटणी! म्हातारी ऐकतच नाही!” ते वाचून दाखवताना ह्यांचा आवाज इतका मोकळा होता की मला माझ्याच हाताचा हेवा वाटला.

मग दर दिवाळीला तो डबा जायचा. चार वर्षं गेला.

पाचव्या वर्षी परत आला. संक्रांतीच्या जत्रेहून आम्ही घरी आलो होतो. पोस्टमन डबा देऊन गेला, तसाच, डाख न उघडलेला. पाठोपाठ दोन दिवसांनी तिच्या मुलीचं जर्मनमधलं पत्र. हे उभ्या उभ्या वाचून माजघरात गेले. मी मागं गेले नाही. थोड्या वेळानं डबा फोडल्याचा आवाज आला.

मी डोकावले तर हे जमिनीवर बसलेले, डबा पुढ्यात, बोटाला चटणी. भावजी गिरणीतून आले, पगडी खुंटीला लावत होते. ह्यांनी वर बघितलं आणि म्हणाले,

“अण्णा, अव्वा होदळु.”

आई गेली. जाऊबाई चुलीपाशी उठून उभ्या राहिल्या. आठ वर्षं झालेली गोष्ट! भावजींनी विचारलं नाही, वेड लागलं का म्हणाले नाहीत. पगडी तशीच हातात, येऊन भावाशेजारी जमिनीवर टेकले.

“होदळु, तम्मा,” म्हणाले.

मग हे रडले. जाऊबाई सांगत होत्या तसे, लहानपणासारखे, कानडीत. भावजींनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला तो काढला नाही. मला त्यातलं निम्मंच कळलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहिले, आत जाणं माझं नव्हतं.

सोमवारी दोघं भाऊ अव्वाच्या समाधीवर जाऊन आले. ह्यांच्या हातात विभूती आणि बेल होता, असं प्रथमच. घरी जंगमांना जेवायला बोलावलं. एक पान आईचं आणि एक, असं ह्यांनी मला हळूच सांगितलं, एलिसव्वाचं. जंगमस्वामींना तेवढं सांगितलं नाही. देवाला ठाऊक आहे.

आता घरात हे भावाशी कानडीत बोलतात. माझ्याशी मराठीत. बोलतात कमीच. संध्याकाळी ओसरीवर बसून रस्त्याकडं बघतात. त्यांच्याकडं आता कुठूनच पाकीट येत नाही.

गेल्या दिवाळीला मी चटणी कुटायला बसले. सवयीनं विचारलं, “मीठ किती घालू?”

हे म्हणाले, “आता तुझ्या हातानं घाल.”

मी माझ्या माहेरच्या मापानं घातलं. चाखलं. ह्यांच्याकडं पाहिलं, तर हे रस्त्याकडं बघत होते. मग चिमूटभर अजून घातलं.