शुभाताईंचा आक्रोश

शुभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात, काचेच्या मीटिंग रूममध्ये होते. त्यांचे यजमान दिलीपराव एवढंच म्हणाले, "झोपेतच गेली." मी तिथेच, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडायला लागले. मॅनेजरने टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवला आणि हलकेच सुचवलं, बाहेर जाऊन जरा शांत होतेस का... मी म्हटलं, आधी रडून होऊ दे. ही हिंमत ताईंनी दिलेली.

ताई पुण्यात कॉलेजात नाटक शिकवायच्या. दिलीपरावांच्या बँकेतल्या नोकरीमुळे सिंगापूरला आल्या आणि चोआ चू कांग भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी आम्हा चार-पाच मराठी बायकांना ग्रीक शोकांतिका वाचून दाखवू लागल्या. मी अकाउंटंट, मला त्यातली माणसं फार भडक वाटायची. छाती पिटणाऱ्या राण्या, देवांना जाब विचारणारे राजे. "एवढं काय रडायचं? आणि हे म्हणे वीर!" मी एकदा म्हणालेच. ताई हसल्या. "अगं, हजारो लोक उघड्यावर, दिवसाढवळ्या बसून ऐकायचे ते. बाई, आता पुरे कर, असं त्यांना नाही वाटलं."

मग त्यांची केतकी गेली. सव्वीस वर्षांची, एकुलती एक. ब्लड कॅन्सर. स्मशानात ताईंनी फोडलेला टाहो अजून माझ्या कानात आहे. सगळे चपापले. मुंबईहून आलेले दीर जवळ येऊन पुटपुटले, "वहिनी, आवरा. लोक बघताहेत."

"बघू देत. माझी पोर गेलीय, भाऊजी. मी बेतानं रडू?"

नंतर कितीतरी जणांनी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. सहानुभूती सगळ्यांकडे होती, पण ती गप्प बसणाऱ्या बाईसाठी राखून ठेवलेली. पुढच्या वर्षी मराठी मंडळींच्या कार्यक्रमात ताईंनी मुलं गमावलेल्या एका ग्रीक राणीचा विलाप मराठीत करायचं ठरवलं. तालीम बघून आयोजक अवघडले. "ताई, सणाचा दिवस आहे. लहान मुलं असतील. जरा सौम्य करता येईल?" ताई म्हणाल्या, "सौम्य केला तर तो विलाप राहत नाही." त्यांचं नाव कार्यक्रमातून गेलं.

ताईंनी रीतसर परवानगी काढली आणि आपल्याच ब्लॉकच्या व्हॉइड डेकमध्ये, तळमजल्यावरच्या खांबांमधल्या त्या मोकळ्या जागेत, रविवारी संध्याकाळी तो प्रवेश सादर केला. आम्ही मूठभर मराठी. बाकी भाजी घेऊन लिफ्टकडे निघालेले शेजारी, मराठीचा एक शब्द न कळणारे. ताईंचा आवाज चढत गेला, फाटला, पुन्हा चढला. लोक थांबत गेले. कुणीतरी त्यांना धरायला पुढे झालं, तर शेजारच्या म्हाताऱ्या चिनी आंटीने त्याचा हात मागे ओढला. "लेट हर क्राय, लाह." आणि ती स्वतःच डोळे पुसू लागली. माझी आठ वर्षांची लेक मला बिलगली. "आई, शी ओके ऑर नॉट?" नाटक आहे गं, असं म्हणणार होते... जमलं नाही. म्हटलं, "नाही. ओके नाहीये. पण बघ, उभी आहे ना!" वीर कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी, त्या खांबांमध्ये कळलं. आजही कुणी ताईंना 'जरा अतिच करायच्या' म्हणालं की मी भांडते.

गेल्या शनिवारी त्यांच्या घरी गेले होते. दिलीपराव मितभाषी माणूस; केतकीच्या वेळीही त्यांच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नव्हतं. ताईंच्या वाचायच्या खुर्चीवर ते बसले होते. चहा पुढे केला, तर कप हातात घेता घेताच ते मोठ्याने, लहान मुलासारखे रडू लागले. बाहेरच्या कॉरिडॉरमधून माणसं जात-येत होती. मी विचारलं, "दार लोटून घेऊ का?"

मान हलवून ते म्हणाले, "नको. राहू दे उघडं."