अम्मीची खैरियत

आमच्या अम्मीला तब्येत विचारणं म्हणजे भिंतीशी बोलणं. विचारणारा दारावरचा भाजीवाला असो की डॉक्टर, उत्तर ठरलेलं : "अल्ला का शुकर है, सब खैरियत." परक्यापुढं दुखणं सांगणं तिला नाशुक्री, अल्लाशी कृतघ्नपणा वाटतो. मोरीत घसरून खुबा मोडला, तेव्हा आमच्या मस्तगड मोहल्ल्यातल्या शेजारणीला स्ट्रेचरवरूनही तिनं हेच सांगितलं. आता काय बोलणार!

ऑपरेशननंतर पायाचा व्यायाम घ्यायला फिजिओथेरपीच्या बाई घरी येऊ लागल्या. खर्च विमा कंपनीचा, पदरचा आम्हाला झेपणारा नव्हता. अम्मीला एकच ध्यास, रमजानच्या आत जमिनीवर कपाळ टेकून सजदा करायचा. खुर्चीवर बसून नमाज पढायची म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. बाई म्हणाल्या, जमेल, पण व्यायाम थांबवू नका.

अन् कंपनीनंच थांबवला! नवीन जालन्यातल्या त्यांच्या कचेरीत गेले, तर तिथला माणूस म्हणतो, "मॅडम, आता समदं एआयच ठरवून राह्यलंय. त्यानंच पेशंटला फोन केल्ता. पेशंट म्हणे, बिलकुल आराम हाय."

माझं डोकंच फिरलं. अरे, म्हातारं माणूस रीत म्हणून चार शब्द बोललं, तर तुम्ही त्यावर इलाज बंद करता? तिचा एक्स-रे बघा, डॉक्टरांची चिठ्ठी बघा!

"फेरतपासणी टाकतो," तो म्हणाला. "पुन्हा फोन येईल. मंग त्यायला बराबर सांगायला लावा."

घरी येऊन अम्मीला पढवलं. दुखतं म्हणायचं, उठता येत न्हाई म्हणायचं, बस्स. तिनं मान डोलवली.

फोन आला. मशीन गोड आवाजात विचारतेय, "आपको चलने में तकलीफ है?" अम्मीनं मांडी दाबून धरलेली, कपाळावर घाम. मी समोर हातवारे करून राह्यले. अन् अम्मी म्हणते कशी, "अल्ला का शुकर है, बेटी. तुम कैसी हो? खाना हुआ?"

मी कपाळावर हात मारला. "अम्मी, वो मशीन है!"

"तो क्या उसके सामने रोऊं?" उलट तीच माझ्यावर चिडली.

फेरतपासणीचा अर्ज नामंजूर झाला. त्या संध्याकाळी खुर्चीवरच नमाज पढून तिनं मला जवळ बोलावलं, माझा हात खुब्यावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "बहुत दुखता, बेटा."

मला सगळं सांगत होती. पण मला कोण विचारतंय!