गव्हाच्या कोठीतला रिपोर्ट

"काकू, अँजिओग्राफीत तुमच्या नसा साफ आहेत. टेन्शनचा धक्का आहे, बऱ्या व्हाल," डॉक्टर म्हणाले. माझा तिळमात्र विश्वास बसला नाही.

हे बोलणं माझ्या ओळखीचं होतं. सासूबाईंना आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा मीच डॉक्टरांना बाहेर गाठून सांगितलं होतं, त्यांना कळू देऊ नका. "गॅस आहे आई, बऱ्या व्हाल," मी त्यांना म्हणाले आणि घाईघाईने रिपोर्ट गव्हाच्या कोठीत खुपसला. आमच्या बुऱ्हाणपुरात घरोघरी हेच चालतं.

डोईफोडिया गावचा माझा भाऊ गेल्याचा फोन आला, त्याच संध्याकाळी माझ्या छातीत कळ आली होती. आता आयसीयूच्या दाराबाहेर आमचे हे डॉक्टरांशी हळू आवाजात बोलत होते. काय बोलत असतील ते मला पाठ होतं.

आजाराचं नाव ताकोत्सुबो. मोठा धक्का बसला की अ‍ॅड्रेनलिनचा लोंढा येतो. त्याने हृदयाचा स्नायू सुन्न पडतो. हृदयाचा वेग वाढवणाऱ्या सिम्पथेटिक नर्व्हज असतात, त्यांच्या टोकांनाही इजा होते. स्नायू काही आठवड्यांत सावरतो, नर्व्हजना महिने लागतात. हे सगळं डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं. मला वाटलं, कॅन्सरला गॅस म्हणण्यापेक्षा यांनी जरा जास्त मेहनत घेतली.

महिन्याने इको नॉर्मल आला, तरी जिना चढताना धाप लागायची. मग माझी खात्रीच पटली. हे बाहेर गेल्यावर मी कोठीत कोपरापर्यंत हात घातला.

हे मागून आले. "काय शोधून राहिली?"

"माझा खरा रिपोर्ट."

त्यांनी कपाटातली फाइल आणली, चष्मा हातात दिला. "वाच. एक कागद लपवला नाही. डॉक्टरला मी बस येवढंच पूछत होतो, हिला घरी केव्हा नेऊ."

मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. सांगितलं होतं तेच लिहिलं होतं. मला रडू आलं.

सहा महिन्यांनी जिना सरळ चढू लागले. नर्व्हज सावकाश भरून येतात, धीर धरा. आणि घरात कुणी आजारी असेल तर त्याचा रिपोर्ट त्याच्याच हातात द्या.

फाइल वाचली त्या दिवशी कोठीचं झाकण लावताना एक गोष्ट आठवली. दर आठवड्याला त्या कोठीतले गहू काढून निवडायचं काम सासूबाईंचंच होतं. शेवटपर्यंत त्यांनी मला काहीच विचारलं नाही.