तात्यांची पांढरी कबुतरं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यासमोर नाही, आईसमोर तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तात्यांना ओळखत नाही — कदाचित म्हणूनच.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. नैसर्गिक निवडीचा धडा आला की माझ्याकडे स्वतः पाहिलेलं उदाहरण तयार असतं. विक्रोळीच्या आमच्या चाळीवरचा कबुतरांचा थवा, काही राखाडी, काही पांढरी. थंडीत बहिरी ससाणा येतो आणि पांढरी आधी टिपतो, कारण घोळक्यात वेगळं असेल तेच नजरेत भरतं. मोकळ्या कबुतरांत पांढरी इतकी कमी का, ते मुलांना चटकन कळतं. एखादी मुलगी हळहळते. मी म्हणते, निसर्ग निवडतो गं, त्यात दुष्टपणा नसतो. हे म्हणताना मी फळ्याकडे वळते.

ती कबुतरं तात्यांची. तात्या आमचे शेजारी, मालवणकडचे. गिरणी बंद पडली, पुढे बायको गेली, मग त्यांचा सगळा जीव गच्चीवरच्या कबुतरांच्या ढाबळीत. पांढऱ्याला पांढरं जुळवत त्यांनी तो वाण कित्येक वर्षं जपला होता. पण डोळ्यांत मोतीबिंदू, लांबचं दिसत नसे. म्हणून कबुतरं सोडण्याआधी मी पाण्याच्या टाकीवर चढून समोरच्या बंद कारखान्याचं धुराडं बघायची. ससाणा तिथे बसलेला असला की ढाबळ उघडायची नाही, असं ठरलेलं.

"बग गो, आसा काय थंय?" ते खालून विचारायचे. मी सांगेन तेच त्यांचं आभाळ.

पहिल्यांदा — खरंच सांगते — मला तो दिसलाच नव्हता. थवा वर चढला आणि धुराड्यामागून तो सरळ खाली आला. एक पांढरं गेलं. थवा उतरल्यावर तात्यांनी एकेक हाताने मोजलं, पुन्हा मोजलं. आणि मी? मी मनात म्हटलं, पांढरंच का? तेव्हा मी स्वतः कॉलेजात शिकत होते; त्या वर्षी जीवशास्त्राचा प्रकल्प द्यायचा होता, विषय सुचत नव्हता. सरांना सांगितलं तर म्हणाले, एकदा घडलं तो योगायोग. पुन्हा पुन्हा घडायला हवं.

घडायला हवं — की घडवायला?

पुढच्या खेपेला तो धुराड्यावर होता. अगदी स्पष्ट. मान वळवून आमच्याच गच्चीकडे बघत होता. खालून तात्यांनी विचारलं.

"नाही तात्या, सोडा."

इतकं सोपं होतं ते. मग सवय झाली. कधी एखादं राखाडीही गेलं, पण बहुतेक पांढरीच. घिरट्या घालणारा थवा दर आठवड्याला विरळ होत गेला, आणि ढाबळीचं दार उघडण्याआधी तात्या मला दोनदोनदा विचारायला लागले. चाळीतले म्हणत, बंद ठेवा काही दिवस. पण कोंडलेलं कबूतर झुरतं, हे त्यांचं म्हणणं, आणि माझ्यावर भरवसा. ते शिव्या द्यायचे त्या मोतीबिंदूला. मला नाही.

शेवटी एकच पांढरी मादी उरली. तिला काही सोडायचं नाही, त्यांनी ठरवलं. पण ती दाणे टिपेना, कोपऱ्यात फुगून बसायची. एका सकाळी ते तिला छातीशी धरूनच बाहेर आले.

"सोडू काय गो?"

माझा प्रकल्प तेव्हा पुरा झाला होता. मला काहीच नको होतं. मग का? कारण आता 'आहे' म्हटलं असतं, तर इतके दिवस कसा दिसला नाही, असं त्यांच्या मनात आलं असतं. एवढीच भीती. ससाणा समोर बसला होता. मी म्हटलं, आभाळ मोकळं आहे.

त्यांनी तिच्या मानेवरून बोट फिरवलं आणि हात उघडले.

ससाणा तिला घेऊन माझ्या डोक्यावरून गेला. मी किंचाळले, टाकीवरच बसून रडायला लागले. रडणं खरं होतं. तात्या चाचपडत शिडीपाशी आले. आभाळाकडे बघितलंही नाही.

"तुका खंय लागला नाय मां गो?"

"मागून आला तात्या," मी म्हटलं, "दिसलाच नाही."

मी खाली उतरले, तेव्हा ते माझी पाठ थोपटत राहिले.