सूनबाईचा माउस

दुपारी आमची सून वैशाली कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढते, तेव्हा मी तिच्या उजव्या हाताकडे बघत बसतो. माउसवरचा हात जेमतेम हलतो. अंगठ्याजवळच्या बटणांना तिनं कामं नेमून दिलीत. एक दाबलं की रेघ पुसली जाते, दुसरं दाबलं की नकाशा जवळ येतो.

मध्यंतरी तिचं मनगट फार दुखायचं. काम सोडावं लागतंय की काय, असं झालं होतं. म्हणून नवा माउस घ्यायला मी तिच्याबरोबर गेलो. शाळा मी दुसरीत सोडली, पण जन्म सुतारकामात गेला. मुठीतलं मला कोण शिकवणार? एक जाडजूड माउस माझ्या तळव्यात रंध्यासारखा बसला. म्हटलं, "हाच घे."

"बाबा, हात कुणाचा दुखतोय?" ती हसली, आणि कुशीवर निजल्यासारखा एक तिरपा, लहानसा माउस तिनं उचलला.

आता ती मनगट चोळत नाही. रंधाही हातात रुळला की असाच निमूट चालतो. दुसऱ्याच्या हातानं त्याची सवय मोडते, असं आम्ही सुतार मानतो. माझा रंधा मी सख्ख्या भावालाही दिला नाही.

आज ती चहा ठेवायला उठली, तसा मी माउसवर हळूच हात ठेवला.

"बाबा, त्याला हात नाही लावायचा हं!" स्वयंपाकघराच्या दारातून ती ओरडली.

रंध्याला कुणी शिवलं की मी अगदी असाच ओरडायचो. हात मागे घेतला. बरं वाटलं.

तरी सांगतो, मी निवडलेला माउसच जास्त चांगला होता.