सातव्या होलवरून जाणारी वाट

मी गोल्फ खेळले आहे. एकदाच, आणि तेही पुरते सात होल नाहीत. तरी आमच्या घरात हे वाक्य उच्चारणं मला अजून जड जातं.

आईबाबा दोघंही कामगार संघटनेतले. कोपरच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. 'जाहीर निषेध' हे शब्द मला शाळेतल्या पहिल्या धड्याच्या आधी वाचता यायचे. नववीत असताना मी पहिलं पत्रक लिहिलं, मुलींच्या मुतारीला दार नसल्याबद्दल. आठवड्यात दार बसवलं. खरं ते नीट शब्दांत लिहिलं की काम होतं, असा माझा समज झाला आणि तो बरीच वर्षं टिकला.

आईचं माहेर कोळीवाड्यातलं. खोपटहून एसटी धरायची, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये टॉवर मोजत बसायचं आणि खाडी समुद्राला मिळते तिथे उतरायचं. गाव आणि किनारा यांच्या मधल्या वाळूच्या टेकड्यांवर काही वर्षांपूर्वी गोल्फचं मैदान झालं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, तिथे कॅडी आहे. साहेबांची बॅग खांद्यावर घ्यायची, कुठली काठी वापरायची ते सांगायचं आणि मुख्य म्हणजे वारा सांगायचा. पूर्वी तो होडीवर होता, त्यामुळे वाऱ्याच्या बाबतीत साहेब त्याचं ऐकतात.

मामी आणि गावातल्या आठदहा बायका ओहोटीला किनाऱ्यावर शिंपल्या काढायला जातात. त्यांची वाट मैदानातून जाते. सातव्या होलला आडवी येते आणि त्याच्या डाव्या अंगाने खाली उतरते. मैदान नव्हतं तेव्हाही त्या तिथूनच जायच्या. दोन वर्षांपूर्वी मैदानाच्या कमिटीने गावाला नोटीस पाठवली: बायकांच्या सुरक्षेसाठी त्या बाजूला तारेचं कुंपण घालण्यात येईल, हरकत असल्यास बैठकीत मांडावी. कुंपण झालं की रस्त्याने वळसा घालायचा, म्हणजे जाऊन येऊन दोन तास. ओहोटी तेवढी थांबत नाही. मामीसाठी कुंपण म्हणजे धंदा बंद.

साहजिकच पत्रक मी लिहिलं. त्यातलं सगळ्यात जोरदार वाक्य असं होतं: 'आजवर एकाही बाईला चेंडू लागलेला नाही, सुरक्षा हा निव्वळ बहाणा आहे.' घरोघरी विचारून लिहिलं होतं. लिहिलं तेव्हा ते खरं होतं.

मामाने ते वाचलं आणि विचारलं, "तू मैदान आतून बगितलंस कवा?"

"बघायला कशाला पाहिजे? जमीन कुणाची ते मला माहितीये."

"सोमवारी चल. कॅडींचा दिवस हाय. वर्षातून एकदा आमाला खेलू देतात, घरचं एक मानूस आनता येतं. तुजी मामी काय येनार नाय. तू ये."

मी गेले. शत्रूचा प्रदेश पाहून ठेवावा, असं काहीतरी स्वतःला सांगत गेले. पत्रकाचं प्रूफ बॅगेत होतं.

मला वाटलं होतं, हिरवागार गालिचा असेल, कारंजी असतील. तसलं काही नव्हतं. झाड एकही नाही. उंचसखल वाळू, त्यावर खरखरीत, गुडघ्याएवढं गवत, मधे मधे विहिरीसारखे खोल खड्डे आणि समुद्रावरून येणारा वारा. समुद्रकाठच्या असल्या मैदानाला लिंक्स म्हणतात, असं मामा म्हणाला. जमीन आहे तशीच ठेवायची आणि माणसाने तिच्याशी जमवून घ्यायचं. हे ऐकून मी गोंधळले. असलं वाक्य आमच्या पत्रकात शोभलं असतं.

पहिल्या होलवर मी चार वेळा काठी फिरवली आणि चार वेळा हवेला मारलं.

"झाडू मारतेस काय?" मामा म्हणाला. मागे दुसरे कॅडी घरचं एकेक माणूस घेऊन थांबले होते. त्यांतला एक ओरडला, "ताई, बॉल खाली हाय, वर नाय!"

तिसऱ्या होलवर माझा चेंडू एका खड्ड्यात गेला. मी आत उतरले तर कडा माझ्या डोक्याच्या वर. वाळू उडाली, तोंडात गेली, चेंडू जागचा हलला नाही. नवव्या फटक्याला तो बाहेर पडला आणि मी चक्क ओरडले. आनंदाने. मग मला राग आला. हा खेळ मला आवडायला नको होता. वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, चुकायचं, पुन्हा घ्यायचा. कसली तरी ओढ लागत होती आणि ती मी कुठल्या मथळ्याखाली टाकावी ते कळत नव्हतं.

पाचव्या होलवर गवतात चेंडू शोधताना माझा पाय त्याला लागला आणि तो घरंगळला.

"एक फटका वाढव," मामा म्हणाला. तो पाठमोरा उभा होता.

"तुला कसं कळलं?"

"मना काय कलनार? तू गप्प झालीस म्हनून बोललो. हितं पंच नसतो. आपलं आपन सांगायचं."

हेही मला आवडलं.

सातव्यावर आलो तेव्हा वारा डावीकडून, समुद्रावरून, भरून येत होता. समोर झेंडा. डावीकडे बऱ्याच लांबवर बायका परत येत होत्या, एकामागे एक, डोक्यावर शिंपल्यांच्या पाट्या. सगळ्यांत पुढे मामी.

"त्या जाऊ देत आधी," मी म्हटलं.

मामा हसला. "साहेब असते तर थांबवलं असतं. तुजा तितवर जानार हाय? सकालपासून चालीस पावलांच्या वर गेला नाय. मार. आनि झेंड्यावर धरू नको, वारा उजवीला फेकून देईल. डावीला धर, वाटेवर."

"वाटेवर?"

"सगले वाटेवरच धरतात. वारा आनतो परत. धर मामीच्या पाटीवर."

चाळीस पावलांचा टोमणा मला झोंबला होता, हे कबूल केलं पाहिजे. मी मामीच्या पाटीवर नेम धरला आणि काठी फिरवली. आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हाताला काही लागल्यासारखं वाटलं नाही. नुसता टक् असा आवाज. चेंडू वर गेला आणि जातच राहिला. अंगातून असं सुख गेलं की मी काठी खाली करायची विसरले.

तेवढ्यात वारा पडला. गवत एकदम सरळ उभं राहिलं. मामाने "अरे..." म्हटलं. चेंडू मी धरला होता तिथेच गेला.

पाटी पडली. मामी खाली बसली. आम्ही धावत पोचलो तोवर तिने शिव्या सुरू केल्या होत्या.

"कनच्या मेल्यानं मारला? डोलं फुटलं काय त्याचं?" मग तिने मला पाहिलं. "तू?"

चेंडू उजव्या खांद्यावर, मानेजवळ लागला होता. चार बोटं वर लागला असता तर काय झालं असतं, हे मी अजूनही पूर्ण विचारात आणत नाही. बाकीच्या बायका वाळूतल्या शिंपल्या भराभर गोळा करत होत्या. त्यांतली एक मामीला म्हणाली, "हीच ना गं तुजी पत्रकवाली?"

संध्याकाळपर्यंत खांदा काळानिळा झाला. डॉक्टरला मामीने सांगितलं, दगडावरून घसरले. हात गळ्यात बांधून ती घरी आली आणि तिने मला समोर बसवलं. "हे कुनाला बोलायचं नाय. त्यांना निमित्तच पायजे."

"पण मामी, मी लिहिलंय की आजवर..."

"लिवलंस ते चांगलं लिवलंस. तसंच ठेव."

मी मामाकडे वळले. "तूच म्हणालास ना, आपलं आपण सांगायचं?"

"तो खेल हाय," मामा म्हणाला.

मी घरी येऊन प्रूफमधलं ते वाक्य काढलं. बाबांच्या लक्षात आलं. आमच्या घरातली पत्रकं तेच तपासतात. "सगळ्यात चांगलं वाक्य कुठे गेलं?" मी सगळं सांगितलं, गोल्फसकट. गोल्फला ते काही बोलले नाहीत, हे विशेष. चष्मा पुसत म्हणाले, "वाक्य काढलंस ते ठीक. खोटं छापायचं नाही. पण लढा चालू असताना समोरच्याच्या हातात पुरावा आपण देत नाही. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

आयुष्यभर ज्यांनी मला गप्प बसू नकोस म्हणून शिकवलं, ते हे सांगत होते. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. वहिनी आहे माझी ती."

बैठक मैदानाच्या हॉलमध्ये झाली. एसी इतका होता की बायकांनी डोक्यावरून पदर घेतले. मामीने तर दुखरा हात पदराखालीच ठेवला होता. कमिटीचे अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. मला लाल चेहऱ्याचा, टेबलावर हात आपटणारा माणूस हवा होता. त्यांनी माझं पत्रक पूर्ण वाचलेलं होतं, खाली रेघाही मारल्या होत्या.

"लिहिलंय चांगलं," ते म्हणाले. "पण यात एका गोष्टीचा उल्लेखच नाही. आजवर कुणाला चेंडू लागलाय का हो?"

"नाय," मामी म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न मला नव्हता. पत्रकाखाली माझं नाव होतं म्हणून पाहिलं असेल. त्या क्षणी मी सत्यासाठी बोलले, की माझ्या मनातली टोचणी जावी म्हणून बोलले, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही नीट सांगता येणार नाही.

"लागलाय," मी म्हटलं. "यांनाच. पंधरा दिवसांपूर्वी. मी मारलेला."

मग मामी उभी राहिली. "मग कुंपन हिला घाला! आमी काय केलंय? आमी चालतोय आमच्या वाटेनं. हिला बांधा तारेनं, नायतर सुटली की मारत फिरंल!"

बायका हसल्या. कमिटीतले दोघंतिघंही हसले. पण एक जण फाइल मिटत म्हणाला, "म्हणजे प्रश्नच मिटला. कुंपण हवंच." मामीचं हसू गेलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अध्यक्षांनी हाताने त्याला थांबवलं. "तुम्ही नेम कुठे धरला होता?"

"वाटेवर."

"का?"

आता मी गप्प झाले. खरं सांगायचं तर मामाचं नाव घ्यावं लागलं असतं. पाच मिनिटांपूर्वी मामीची भाकरी पणाला लावून खरं बोलणारी मी, मामाच्या नोकरीपाशी अडखळले. माझ्या तत्त्वाला नेमकी कुठे हद्द होती, ते मलाच तिथे समजलं आणि ती हद्द चुकीच्या जागी आहे असं वाटत राहिलं.

"मी सांगितलं," दाराशी कॅडींमध्ये उभा असलेला मामा म्हणाला. "सातव्यावर वाटेवर धरा, वारा आनतो. सगल्यांनाच सांगतो."

अध्यक्षांनी पत्रक टेबलावर उलटं ठेवलं. "मलाही सांगतो," ते म्हणाले. "मी गेली किती वर्षं तिथेच धरतोय. आपण सगळेच धरतो. बायकांच्या डोक्यावर नेम धरायचा आणि कुंपण बायकांना घालायचं, हे मला काही बरोबर दिसत नाही."

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं असं: कुंपण तूर्त नाही. ओहोटीच्या वेळी सातव्या होलवर एक माणूस लाल बावटा घेऊन बसेल आणि बायका वाटेवर असेपर्यंत कुणी चेंडू मारणार नाही. भरतीओहोटी डोक्यात असलेला माणूस हवा. साहजिकच मामाला बसवलं.

वाट राहिली, म्हणून गावात मला मान मिळाला. काहींनी तर माझ्या पत्रकानेच काम झालं असं धरलं. मी ते खोडून काढायला गेले तर कुणी ऐकेना. मामाचं चालणं, साहेबांना वारा सांगणं, तिसऱ्या होलपाशी थांबून बिडी ओढणं, सगळं सुटलं. तो खुर्चीवर बसून असतो. मी दिलगिरी व्यक्त केली तेव्हा म्हणाला, "तू कशाला? मीच बोललो ना." आणि थोड्या वेळाने, "पन तू आदी बोलली नसतीस, तर मी बोललो नसतो." हे कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही. त्यालाही नक्की माहीत असेल असं वाटत नाही.

मामी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. वाढायची, पण बोलायची नाही.

परवा गेले तेव्हा मामाजवळ वाळूत बसले होते. बायका परत येत होत्या. मामाने बावटा वर केला. मागे एक साहेब काठी टेकून उभा राहिला, घड्याळ बघत. मामी होलच्या बरोबर मधोमध आली, थांबली, पाटी उतरवली आणि चुंबळ सावकाश नीट करू लागली.

"किती वेळ?" साहेबाने विचारलं.

मामाने बावटा तसाच धरला. मामी तिथूनच ओरडली, "डबा खाल्ला काय?"

"नाय! हात वर हाय!"

"मग तिला द्या की बावटा! बसलीय नुसती!"

मामाने बावटा माझ्या हातात दिला आणि डबा उघडला. मी उभी राहिले. वारा जोरात होता, कापड फडफडत होतं. हे तोंड साहेबाकडे करून धरायचं की बायकांकडे, ते मला कळेना, आणि मी एकदा इकडे, एकदा तिकडे वळत राहिले.